पुरावा आणि विश्वास : ‘नोटोरियस’ हा हेरपट आणि त्याचे घरगुती पुनर्दर्शन

१. विषयाची मांडणी

हेरगिरीच्या कथेतील प्रेमप्रकरण हे प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यासाठी घातलेले तोंडीलावणे असते, असे समीक्षेत अनेकदा गृहीत धरले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत घडलेल्या काही मोजक्या चित्रपटांना हे गृहीतक लागू पडत नाही, कारण त्यांत हेरगिरी आणि प्रेम हे दोन वेगळे धागे नसून एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत. समोरच्या माणसाच्या शब्दावर किती विसंबावे, आणि पडताळणी कोठे थांबवावी, हा तो प्रश्न होय. हेराला पडताळणी थांबवून चालत नाही. प्रेमात पडलेल्याला ती केव्हातरी थांबवावीच लागते. आणि एकाच व्यक्तीवर ही दोन्ही कामे येऊन पडली की जो पेच निर्माण होतो, तोच या चित्रपटांचा खरा विषय ठरतो.

प्रस्तुत व्याख्यानात या पेचाचा विचार आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नोटोरियस’ (१९४६) या चित्रपटाच्या आधारे केला आहे आणि त्याला दुसरा एक विचार जोडला आहे. हा चित्रपट गेल्या काही दशकांत बहुतेकांना चित्रपटगृहात भेटला नाही, तर कॅसेट, डीव्हीडी किंवा ब्लू-रे यांवर, म्हणजे ज्याला ‘होम व्हिडिओ’ म्हणतात त्या घरगुती माध्यमातून भेटला. तेथे प्रेक्षकाच्या हाती रिमोट असतो, दृश्य थांबवता येते, मागे नेता येते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. म्हणजेच घरचा प्रेक्षक पुरावे गोळा करणाऱ्याच्या, जवळजवळ हेराच्याच, भूमिकेत जातो. पुराव्याच्या मर्यादा दाखवणारा चित्रपट पुराव्याची एवढी साधने हाती असताना पाहिला, तर त्याच्या अर्थाचे काय होते, हे तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. चित्रपटाची जडणघडण

‘नोटोरियस’ची पटकथा बेन हेक्ट यांनी हिचकॉक यांच्यासह १९४४ च्या अखेरीपासून रचली, म्हणजे तिचा आरंभ युद्ध चालू असतानाच झाला होता. चित्रीकरण सुरू झाले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, जर्मनी आणि जपान या दोघांनीही शरणागती पत्करल्यानंतर. मूळ निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांनी दिग्दर्शक, पटकथा आणि नायक-नायिका यांच्यासह हा सगळा प्रकल्प आरकेओ या स्टुडिओला ८ लाख डॉलर आणि नफ्यातील निम्मा वाटा या अटींवर विकला, त्यामुळे हिचकॉक यांना निर्माता म्हणून एरवी मिळाली नसती अशी मोकळीक मिळाली. ऑगस्ट १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट झळकला आणि त्याच वर्षी भरलेल्या पहिल्या कान महोत्सवाच्या स्पर्धेतही तो दाखवला गेला.

कथा थोडक्यात अशी आहे. अलिशिया ह्यूबरमन (इन्ग्रिड बर्गमन) हिच्या जर्मन वंशाच्या वडिलांना अमेरिकेत देशद्रोहाबद्दल शिक्षा होते. डेव्हलिन (केरी ग्रँट) हा अमेरिकी गुप्तचर अधिकारी तिला ब्राझीलमधील नाझी गटात शिरण्यासाठी तयार करतो. रिओ दि जानेरोत दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात. आणि त्यानंतर तिची नेमकी कामगिरी उघड होते, ती म्हणजे वडिलांचा जुना स्नेही व एकेकाळी तिच्यावर लुब्ध असलेला अलेक्झांडर सेबॅस्टियन (क्लॉड रेन्स) याला मोहात पाडणे. डेव्हलिन तिला अडवत नाही, ती त्याने अडवावे याची वाट पाहत राहते, आणि अखेर ती सेबॅस्टियनशी लग्नही करते. त्याच्या तळघरात दारूच्या बाटल्यांमध्ये युरेनियमचे खनिज दडवले असल्याचे दोघांना कळते. सेबॅस्टियनला पत्नीचे खरे रूप कळते. तो आणि त्याची आई तिला कॉफीतून थोडे थोडे विष देऊ लागतात.

युरेनियमचा हा धागा म्हणजे हिचकॉक ज्याला ‘मॅकगफिन’ म्हणत ती गोष्ट, अर्थात कथेतील पात्रे जिच्यासाठी जिवावर उदार होतात पण प्रेक्षकाच्या दृष्टीने जिचे स्वरूप गौण असते अशी वस्तू. अणुबाँबची माहिती जाहीर होण्यापूर्वीच आपण ही कल्पना निवडली होती आणि चौकशीसाठी आपण भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना भेटलो होतो, असे हिचकॉक पुढे सांगत. त्या आठवणीतील तपशिलांवर चरित्रकारांनी शंका घेतल्या असल्या, तरी हिरोशिमानंतर वर्षभराने पडदा उजळला तेव्हा बाटलीतून सांडणारी ती काळी भुकटी प्रेक्षकांना गौण वाटली नसणार, हे उघड आहे. तरीही चित्रपट युरेनियमविषयी नाही, हे हिचकॉक यांचे म्हणणे मान्य करावेच लागते. बाटलीतील पदार्थ शोधला जातो, आणि दोन माणसांमधील अविश्वास मात्र त्यानंतरही जिथल्या तिथे राहतो.

३. ध्वनिमुद्रिकेवरील विश्वास

चित्रपटाच्या आरंभी येणारा एक प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. मायामीतील घरात अलिशिया कामगिरी नाकारते आणि देशप्रेमाची भाषा तुच्छतेने उडवून लावते, तेव्हा डेव्हलिन एक ध्वनिमुद्रिका लावतो. सरकारने तिच्या घरात चोरून बसवलेल्या यंत्राने बाप-लेकीचे भांडण मुद्रित केलेले असते, आणि त्यात ती वडिलांना ठणकावून नकार देताना, आपल्या देशावरील प्रेम बोलून दाखवताना ऐकू येते. समोर उभी असलेली स्त्री एक बोलते आणि तबकडीवरचा तिचाच आवाज दुसरे सांगतो, आणि डेव्हलिनच्या लेखी तबकडी खरी ठरते, कारण आपले बोलणे कोणी ऐकत आहे हे ते बोलताना तिला ठाऊक नव्हते.

येथून पुढे डेव्हलिनच्या वागण्याचे सूत्र ठरून जाते. तिच्या देशनिष्ठेचा मुद्रित पुरावा त्याच्यापाशी असल्यामुळे त्या निष्ठेविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. तिच्या प्रेमाचा तसा पुरावा नसल्यामुळे तिने परोपरीने सांगूनही तो प्रेमावर विश्वास ठेवत नाही, आणि तिच्या पूर्वायुष्यातील मद्यपान व पुरुष यांचाच दाखला पुनःपुन्हा तिच्यासमोर धरतो. पटकथेचा खरा उपरोध उद्यानातील बाकावरच्या भेटीत प्रकट होतो. विषाचा अंमल चढू लागलेली अलिशिया फिकी, ग्लानीत असलेली दिसते. डेव्हलिन ही लक्षणे दारूची समजतो. आणि दुखावलेली अलिशिया तो गैरसमज खोडून न काढता त्याला दुजोरा देते. जी स्त्री खरे सांगत होती तेव्हा ज्याने विश्वास ठेवला नाही, तोच माणूस ती खोटे सांगते तेव्हा तत्काळ विश्वास ठेवतो, कारण हे खोटे त्याच्या हातातील जुन्या नोंदीशी जुळते.

शेवटच्या प्रसंगाचे वजन यावरून कळते. डेव्हलिन सेबॅस्टियनच्या घरी जातो तेव्हा त्याच्यापाशी नवा पुरावा काहीच नसतो. बाकावर पाहिलेला चेहरा दारूचा नव्हता, आजाराचा होता, एवढीच उशिरा झालेली उमज असते. तो आपले प्रेम बोलून दाखवतो आणि तिला उठवून जिन्यावरून खाली आणतो. खाली उभ्या असलेल्या नाझी सहकाऱ्यांसमोर सेबॅस्टियन गप्प राहतो, कारण पत्नी हेर आहे हे उघड झाले तर त्याचाही जीव जाईल. त्या गटात संशय हाच अंतिम निकाल असतो, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक झालेले असते. मेजवानीच्या टेबलावर दारूची एक बाटली पाहून बिथरलेल्या एमिल हुप्का या सहकाऱ्याला तेवढ्याच चुकीपायी संपवण्यात आलेले असते. पुराव्यावाचून विश्वास ठेवणारा डेव्हलिन आणि पुराव्यावाचून मारणारा गट, या दोन टोकांमध्ये चित्रपटाचा शेवट उभा केला आहे.

४. दृश्यभाषा आणि काळाचे नियंत्रण

त्या काळी हॉलिवूडमध्ये ‘प्रॉडक्शन कोड’ नावाची नियमावली होती. चित्रपट-उद्योगाने १९३० मध्ये स्वतःच स्वीकारलेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आणलेली ही संहिता म्हणजे एक प्रकारची अंतर्गत सेन्सॉरशिप होती. लांबलेल्या चुंबनावर तिची करडी नजर असे, आणि व्यवहारात काही सेकंदांपलीकडे ओठ जुळलेले दिसू नयेत असा प्रघात पडला होता. हिचकॉक यांनी रिओतील सज्जाच्या प्रसंगात ही अट शब्दशः पाळली आणि आशयाने मोडली. प्रत्येक चुंबन क्षणभराचे आहे, पण ती एकामागून एक येत राहतात, मध्ये जेवणाच्या कोंबडीबद्दल बोलणे होते, डेव्हलिन दूरध्वनी करतो, आणि एकमेकांना न सोडता दोघे सज्जातून दारापर्यंत जातात. छायालेखक टेड टेट्झलाफ यांचा कॅमेरा सुमारे अडीच मिनिटे त्यांच्या लगटून राहतो. लगेच पुढच्या भागात डेव्हलिनला कामगिरीचे स्वरूप कळते आणि तो सोबत आणलेली शॅम्पेनची बाटली वरिष्ठांच्या कार्यालयात विसरून येतो, त्यामुळे सुख किती अल्पजीवी होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

सेबॅस्टियनच्या घरच्या मेजवानीच्या प्रसंगात तळघराच्या चावीवर सगळा भार आहे. कॅमेरा दिवाणखान्याच्या वरच्या मजल्याच्या उंचीवर आहे, खाली पाहुण्यांची गर्दी आहे, आणि तेथून तो एकाच अखंड हालचालीत उतरत उतरत अलिशियाच्या मुठीतील चावीच्या समीपदृश्यावर येऊन थांबतो. उंच यारीवर कॅमेरा बसवून घेतलेल्या अशा दृश्याला ‘क्रेन शॉट’ म्हणतात. त्यानंतरचा सगळा ताण बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्यांच्या संख्येवर बेतलेला आहे. त्या संपत आल्या की यजमान आणखी दारू आणण्यासाठी तळघरात जाणार आणि चावी नाहीशी झाल्याचे त्याला कळणार. बाटल्या हेच येथे घड्याळ आहे, आणि ते थांबवणे अलिशियाच्या, डेव्हलिनच्या किंवा प्रेक्षकाच्याही हाती नाही, या जाणिवेतून उत्कंठा निर्माण होते.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. चित्रपटगृहातील प्रेक्षक पात्रांइतकाच काळापुढे हतबल असतो, हे गृहीत धरून १०१ मिनिटांची ही रचना केलेली आहे.

५. काळ प्रेक्षकाच्या हाती

सोनी कंपनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स ही आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस ही कॅसेटची पद्धती बाजारात आणली, तेव्हा हे गृहीतक मोडण्यास आरंभ झाला. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरी मुद्रित करून सोयीच्या वेळी पाहणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असा दावा युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी सोनीविरुद्ध लावला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने तो फेटाळला, आणि मुद्रणयंत्राला घरोघरी कायद्याचे अभय मिळाले.

भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, त्याच काळात व्हीसीआर यंत्रांचा प्रसार वाढला, आणि १९८४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात व्हिडिओफिल्मचा स्पष्ट समावेश झाला. त्याआधी महाराष्ट्रात जुने परदेशी चित्रपट पाहायचे तर १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या एवढाच प्रमुख आधार होता. तेथे चित्रपट एकदा दाखवला जाई आणि चर्चा आठवणीच्या बळावर होई. भाड्याने कॅसेट देणाऱ्या व्हिडिओ लायब्ऱ्या गल्लोगल्ली उघडल्यावर चित्रपट पुन्हा पाहणे ही सवलत न राहता सवय झाली.

अभ्यासाच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो लेझरडिस्कने. क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ यांपासून सुरुवात केली, आणि ‘किंग काँग’च्या तबकडीवर चित्रपटाला समांतर असे जाणकाराचे भाष्य दुसऱ्या ध्वनिमार्गावर दिले. चित्रपट चालू असतानाच त्याची टीका ऐकता येण्याची ही सोय म्हणजे मूळ श्लोकाखाली टीका छापणाऱ्या सटीक पोथीचेच दृश्य रूप होते. ‘नोटोरियस’लाही असे भाष्यकार मिळाले, चित्रपट-इतिहासकार रूडी बेल्मर यांनी निर्मितीच्या कागदपत्रांच्या आधारे आणि मॅरियन कीन यांनी दृश्यरचनेच्या अंगाने केलेली भाष्ये घरगुती आवृत्त्यांवर उपलब्ध झाली, आणि २०१९ च्या ब्लू-रे आवृत्तीसाठी चित्रपटाचे नव्याने डिजिटल पुनरुज्जीवन करण्यात आले.

६. पाठभेदांचा प्रश्न

आवृत्ती हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. एकाच नावाने फिरणाऱ्या चित्रपटाची रूपे अनेक असू शकतात, आणि युद्धकालीन हेरपटांच्या बाबतीत हा भेद राजकीय असतो. ‘नोटोरियस’ पश्चिम जर्मनीत १९५१ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे नाव ‘वाइसेस गिफ्ट’, म्हणजे ‘पांढरे विष’, असे होते, आणि डबिंगमध्ये, म्हणजे मूळ संवादांच्या जागी दुसऱ्या भाषेतील संवाद बसवताना, नाझींचे रूपांतर अमली पदार्थांच्या तस्करांत करण्यात आले होते. युरेनियम गेले, युद्ध गेले, आणि वडिलांच्या देशद्रोहाचे ओझे वाहणारी मुलगी ही मूळ कल्पनाच निराधार झाली. १९६९ मध्ये नवे डबिंग होऊन नाझी परत आले.

‘कॅसाब्लांका’ (१९४२) या चित्रपटाची गत याहून वाईट झाली. त्यातही इन्ग्रिड बर्गमन आणि क्लॉड रेन्स आहेत, आणि त्यातही प्रेम व युद्धनिष्ठा यांचा झगडा आहे. त्याच्या १९५२ च्या जर्मन रूपातून नाझींचे संदर्भ असलेली सुमारे २५ मिनिटे वगळली गेली आणि भूमिगत चळवळीचा नेता व्हिक्टर लास्लो हा नॉर्वेचा संशोधक बनला. मूळ आशयाचे जर्मन डबिंग होण्यास १९७५ उजाडावे लागले. पराभवानंतरच्या समाजाला आपला नजीकचा भूतकाळ करमणुकीच्या पडद्यावरही सोसवत नव्हता, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. त्या पिढीतील प्रेक्षकाला आपण पाहिले ते मूळ नव्हे हे कळण्याचा सोपा मार्ग नव्हता. घरगुती माध्यमाने दोन्ही रूपे शेजारी ठेवणे शक्य केले.

मात्र याच माध्यमाने नवे पाठभेदही जन्माला घातले. दूरचित्रवाणी आणि कॅसेटच्या बाजारासाठी जुन्या कृष्णधवल चित्रपटांत संगणकाने रंग भरण्याची लाट १९८० च्या दशकात आली आणि ‘कॅसाब्लांका’ही तिच्यातून सुटला नाही. त्यावर उठलेल्या वादातून १९८८ चा अमेरिकी चित्रपटजतन कायदा झाला आणि जतनयोग्य चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्या १९८९ च्या पहिल्या यादीत ‘कॅसाब्लांका’ होता आणि २००६ मध्ये ‘नोटोरियस’चा समावेश झाला. हेरगिरी आणि प्रेम यांच्या याच परंपरेत मोडणाऱ्या आंग ली यांच्या ‘लस्ट, कॉशन’ (२००७) या जपानव्याप्त शांघायमधील हेरपटाचीही दोन रूपे झाली. अमेरिकेत तो सर्वांत कडक प्रमाणपत्रासह अखंड दाखवला गेला, तर चीनमध्ये काही मिनिटे कापून.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून उपलब्ध पोथ्या ताडून विश्वसनीय पाठ ठरवण्याची शिस्त मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. चित्रपटाला तीच शिस्त लावायची तर मूळ निगेटिव्ह, उत्तम प्रती, ध्वनिपट आणि निर्मितीची कागदपत्रे या त्याच्या पोथ्या ठरतात. फरक इतकाच की महाभारताचा आद्य पाठ अनुमानाने शोधावा लागतो, तर चित्रपटाचा प्रथम प्रदर्शित पाठ बहुधा नोंदींतून निश्चित करता येतो; म्हणूनच चित्रपटाच्या बाबतीत पाठाविषयी बेफिकीर राहण्याला सबब उरत नाही.

७. स्पष्टतेचे लाभ आणि तोटे

‘नोटोरियस’ची चौकट १.३७ : १ या प्रमाणाची, म्हणजे जवळजवळ चौकोनी आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेला ती सहज जुळत असल्यामुळे, रुंद पडद्याच्या चित्रपटांच्या कडा जशा कॅसेटसाठी छाटल्या गेल्या तसे तिचे झाले नाही. आजच्या रुंद संचांवर मात्र उलटा धोका आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणले जाते, चेहरे पसरट होतात, आणि चेहऱ्यांवरच उभा असलेला चित्रपट विद्रूप होतो.

सुस्पष्ट ब्लू-रेवर आणखी एक गोष्ट उघडी पडते. नायक-नायिका प्रत्यक्ष रिओला गेलेच नव्हते. तेथील दृश्ये दुसऱ्या पथकाने टिपली आणि स्टुडिओत पात्रांच्या मागील पडद्यावर ती प्रक्षेपित करून चित्रीकरण झाले. ‘रिअर प्रोजेक्शन’ नावाचा हा प्रकार जुन्या कॅसेटच्या धूसरपणात झाकला जाई. आता पात्रे आणि पार्श्वभूमी यांच्यातील सांधा डोळ्यांत भरतो. मूळ प्रतींमध्येही तो काही अंशी दिसतच असणार, पण हलत्या, न थांबणाऱ्या चित्रात त्याकडे लक्ष जाण्याआधी कथा पुढे गेलेली असे.

याउलट खरा लाभ बारकाव्यांचा आहे. मायामीतील मेजवानीत डेव्हलिन प्रथम केवळ पाठमोऱ्या काळ्या आकृतीच्या रूपात दिसतो आणि तिच्यावर नजर ठेवणारा माणूस म्हणूनच कथेत प्रवेश करतो. कॉफीचा पेला चौकटीत पुढे, अवाजवी मोठा दिसतो आणि त्यामागे अलिशिया असते, तेव्हा प्रेक्षकाला तिच्याआधी धोका कळतो. मायामीत डेव्हलिनने तिच्या कमरेभोवती बांधलेला रुमाल ती बाकावरच्या भेटीत परत करते, तेव्हा मधल्या साऱ्या घटनांचा हिशेब पुरा होतो. पहिल्या पाहण्यात हे तपशील परिणाम करतात, दुसऱ्या पाहण्यात ते कारणांसह कळतात. ही समज घरगुती माध्यमाने सामान्य रसिकाच्या आवाक्यात आणली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

८. निष्कर्ष

तरीही एक भेद उरतो. चौकट थांबवून बर्गमन यांचा चेहरा कितीही न्याहाळला तरी अलिशिया कोणत्या क्षणी पुरती प्रेमात पडली याचा दाखला त्या चौकटीत सापडत नाही. चावी कशी लपवली हे मात्र सापडते. चित्रपटाच्या कारागिरीबद्दलचे प्रश्न थांबलेल्या चौकटीने सुटतात, त्यातील माणसांबद्दलचे नाही. जो प्रेक्षक केवळ चौकटी तपासतो, तो ध्वनिमुद्रिकेवर विसंबणाऱ्या डेव्हलिनचीच चूक करत असतो, आणि त्या चुकीची किंमत काय असते हे दाखवण्यासाठीच तर हा चित्रपट रचलेला आहे.

यावरून पाहण्याची एक शिस्त सुचते. पहिल्यांदा पाहताना काळावरचा ताबा प्रेक्षकाने आपण होऊन सोडावा, कारण बाटल्यांची संख्या घटत असताना चित्र थांबवणाऱ्याला त्या प्रसंगाचा अनुभव येत नाही, केवळ माहिती मिळते. त्यानंतर हवे तितक्या वेळा थांबावे, मागे जावे, भाष्ये ऐकावीत, आवृत्त्या ताडाव्यात. आणि चित्रपटावर लिहिणाऱ्याने ग्रंथाची आवृत्ती नोंदवतात त्याप्रमाणे आपण कोणते रूप पाहिले, ते कोणत्या वर्षीचे, किती लांबीचे आणि कोणत्या भाषेतील, हे नमूद करावे. मराठीतील चित्रपटलेखनात ही नोंद अपवादानेच आढळते, आणि ती नसेल तर तस्करांचा चित्रपट पाहिलेला समीक्षक आणि नाझींचा चित्रपट पाहिलेला समीक्षक एकाच नावाखाली वाद घालत राहतील. पाठ निश्चित करणे हे पुराव्याचे काम आहे आणि त्यात कसूर चालणार नाही. निश्चित झालेल्या पाठातील दोन माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय त्यानंतरही प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःच घ्यावा लागतो.